डेबियन १२ वरचं ओपनएसएसएच ९.२: छापखान्यातला चार महिन्यांचा अनुभव

सांगलीत आमचा छोटा छापखाना आहे. पानांची मांडणी गावातल्या ऑफिसात होते, छपाई कुपवाडच्या एमआयडीसीत होते. तयार पीडीएफ रोज संध्याकाळी एससीपीने (ओपनएसएसएच या सुरक्षित जोडणीच्या प्रोग्रॅममधली फाइल पाठवणारी आज्ञा) तिकडच्या स्टोरेज बॉक्सवर, म्हणजे फाइली साठवणाऱ्या छोट्या यंत्रावर, जाते आणि तिथून प्लेट निघते. हे काम करणारी चार ओळींची स्क्रिप्ट माझीच. ऑक्टोबरात, दिवाळी अंकांची घाई चालू असताना, एका रविवारी मी ऑफिसचं मशीन डेबियन या लिनक्स प्रणालीच्या ११ व्या आवृत्तीवरून १२ वर नेलं. सोमवारी सव्वासातला छपाईकडच्या मामांचा फोन आला. “ताई, पानं आली न्हाईत अजून. प्लेटा थांबल्यात.”

आधी पेन ड्राइव्ह देऊन मुलाला गाडीवरून कुपवाडला पाठवलं, मग स्क्रीनसमोर बसले.

आधीच सांगते, ओपनएसएसएचची ही आवृत्ती मला आवडली आहे. त्या रात्री ज्या दोन बदलांमुळे काम अडलं, ते दोन्ही बदल योग्यच आहेत असं माझं मत आहे. डेबियन ११ मध्ये ओपनएसएसएच ८.४ होतं, १२ मध्ये ९.२ आहे. एका अपग्रेडमध्ये मधल्या सगळ्या आवृत्त्यांचे बदल एकदम अंगावर येतात.

पहिला बदल सप्टेंबर २०२१ च्या ८.८ मधला. जुळणारी होस्ट की (समोरच्या यंत्राची ओळख पटवणारी की) नाही, समोरचा फक्त ‘एसएसएच-आरएसए’ देतोय, एवढंच स्क्रीनवर आलं. हे वाचून बरेच जण आरएसए की टाकून देतात. मीही नवी की बनवायला निघाले होते. पण आरएसए कीमध्ये काही बिघडलेलं नसतं. बंद झाली आहे ती शा-१ हे जुनं हॅश-गणित वापरून सही करण्याची पद्धत, तिचंच नाव ‘एसएसएच-आरएसए’, कारण शा-१ वर हल्ला करायला आता पन्नास हजार डॉलरसुद्धा लागत नाहीत असं ओपनएसएसएचवाल्यांनी स्वतःच नोंदवून ठेवलंय. तीच की त्यानंतरच्या शा-२ ने सही करू शकते. आमच्या बॉक्सवरचा जुना ड्रॉपबेअर (छोट्या यंत्रांवरचा एसएसएच सर्व्हर) मात्र शा-२ च्या आधीचा. त्याला दुसरं काही येतच नाही.

उपाय एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये आहे, पण तो कुठे लिहायचा याला फार महत्त्व आहे. होस्ट की आणि पब्लिक की, दोन्हींच्या अल्गोरिदमच्या ओळींत अधिक चिन्ह लावून एसएसएच-आरएसए लिहायचं, आणि या दोन्ही ओळी फक्त त्या एका बॉक्सच्या ‘होस्ट’ नावाखाली ठेवायच्या. घाईघाईत त्या सगळ्या होस्टसाठी लिहिलेल्या मी पाहिल्या आहेत. तसं केलं की एका जुन्या डब्यापायी सगळ्या सर्व्हरांसाठी दार उघडं राहतं. ही सवलत एकाच यंत्रापुरती देता येते, हा मला या प्रोग्रॅमचा सगळ्यात मोठा गुण वाटतो.

जोडणी झाली, फाइल तरीही जाईना. आता स्क्रीनवर ‘कनेक्शन क्लोज्ड’ होतं. माझा अर्धा तास नेटवर्क आणि व्हीपीएन तपासण्यात गेला. खरी गोष्ट त्याच्या वरच्या ओळीत होती: एसएफटीपी-सर्व्हर सापडला नाही. हा दुसरा बदल: एप्रिल २०२२ च्या ९.० पासून एससीपी हे नाव तेच राहिलं, पण आतून ते एसएफटीपी या वेगळ्या प्रोटोकॉलने फाइल पाठवतं. बॉक्सवर एसएफटीपी-सर्व्हर हा प्रोग्रॅमच नव्हता. आज्ञेत उणे चिन्ह आणि कॅपिटल ओ घातलं की जुना प्रोटोकॉल चालतो. ते घातलं आणि पहिलं पान पावणेदहाला पोचलं.

इथे माझी एक सूचना आहे. शेवटच्या ओळीतही कारण दिसायला हवं, कारण थकलेला माणूस शेवटचीच ओळ वाचतो. बाकी, तपशील मागणारा लहान ‘व्ही’ लावला तर कुठली पायरी झाली आणि कुठे अडलं ते हा प्रोग्रॅम ओळीओळीने सांगतो.

भाड्याच्या सर्व्हरवरून लेखकांचा मजकूर खाली घेताना वेगळीच अडचण आली. फाइलींच्या नावांत जागा असतात, म्हणून मी एकात एक अशी दोन अवतरणं घालत असे, कारण जुन्या पद्धतीत नाव समोरच्या शेलमधून (आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून) जायचं. आता तसं जात नाही, त्यामुळे एकच अवतरण पुरतं आणि दुसरं घातलं की फाइल सापडत नाही. स्क्रिप्टमधून ती जादा अवतरणं काढून टाकताना मला खूप बरं वाटलं.

आणि एक आकडा. त्याच रविवारी मी त्या सर्व्हरच्या बॅशआरसी फाइलीत (शेल सुरू होताना ही वाचतो) सगळ्यात वर ‘नमस्कार’ छापणारी ओळ घातली होती. दुसऱ्या दिवशी एससीपी म्हणालं, आलेला संदेश फार मोठा आहे: ३७६८८८७५२०. पावणेचार अब्ज! एवढा मोठा संदेश कुणी पाठवला? आकडा सोळाच्या पायात लिहून पाहिला तर ‘ई०’, ‘ए४’, ‘ए८’, ‘ई०’ असे चार बाइट निघाले. पहिले तीन म्हणजे यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत लिहिण्याची पद्धत) मधला ‘न’, चौथा ‘म’ ची सुरुवात. एसएफटीपी पहिले चार बाइट संदेशाची लांबी म्हणून वाचतं, आणि आधी पोचला होता तो माझा नमस्कार. तो आकडा मी वहीत लिहून ठेवलाय. ओळ काढली नाही, फक्त माणूस स्वतः लॉगिन करेल तेव्हाच छापावी अशी अट घातली. ही चूक जुन्या एससीपीलाही अडवायची, पण ९.२ आकड्याखाली कारणही देतं: समोरच्या शेलने अशा वेळी काही छापू नये.

अपग्रेड सुरू करण्याआधी, जुनं मशीन चालू असतानाच, एक चाचणी करून घ्या. होस्ट की अल्गोरिदमच्या यादीतून एसएसएच-आरएसए वजा करायला सांगून प्रत्येक सर्व्हरला जोडून बघा. जो जोडत नाही, तो अपग्रेडनंतर अडणार. डेबियनच्या पॅकेजसोबत येणाऱ्या बातम्यांच्या फाइलीत हे दोन्ही बदल लिहिलेले आहेत. मी ती सोमवारी रात्री अकराला वाचली.

बॉक्स अजून तोच आहे, त्याला इंटरनेट तोडलंय. मार्च संपला की नवा घ्यायचा ठरलंय, आणि त्या दिवशी स्क्रिप्टमधला तो कॅपिटल ओ मी स्वतः काढणार आहे.