स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश: फुकट मिळतो, पण चाळून हाती लागत नाही

नांदेड-परभणीकडून एम. ए. तत्त्वज्ञान किंवा सेट-नेट करणाऱ्यांना ईश्वराच्या अस्तित्वावरचे आजचे वाद कुठे वाचायचे हे सांगायचं, तर आधी याच ऑनलाइन कोशाचं नाव घ्यावं लागतं. १९९५पासून तो चालू आहे. पैसे नाहीत, लॉगिन नाही. पानं बहुतेक नुसत्या मजकुराची, त्यामुळे गावाकडच्या रडतखडत चालणाऱ्या नेटवरही उघडतात. नोंद त्या विषयातला जाणकार लिहितो आणि ती तपासून घेतल्याशिवाय चढत नाही.

अडचण इंग्रजीची. म्हणून मुलं ब्राउझरचं भाषांतर चालू करतात आणि तिथेच घात होतो. 'नेसेसरी बीइंग'चं 'आवश्यक प्राणी' झालं की पुढची चार पानं वाया. अर्थ आहे अनिवार्य सत्: जे नसणं शक्यच नाही असं. शेजारी वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश ठेवा, परिभाषेपुरता.

सत्ताशास्त्रीय युक्तिवाद म्हणजे ईश्वराच्या नुसत्या कल्पनेवरून त्याचं अस्तित्व सिद्ध करू पाहणारा युक्तिवाद. त्याची नोंद मूळ ग्रॅहम ऑपी यांची. तिच्यातला अमेरिकन तत्त्वज्ञ ॲल्विन प्लांटिंगाचा युक्तिवाद (१९७४) सावकाश वाचावा. त्यात 'शक्य जग' म्हणजे जग जसं असू शकलं असतं असं कुठलंही एक रूप. परमश्रेष्ठ सत् (इथे ईश्वर) म्हणजे प्रत्येक शक्य जगात सर्वज्ञ, सर्वशक्तिमान आणि नैतिकदृष्ट्या निर्दोष असलेलं सत्. असं सत् एका जरी शक्य जगात असेल, तर 'प्रत्येक जगात' हे त्याच्या व्याख्येतच आहे. आणि एस ५ या, शक्य-अनिवार्य यांचे नियम सांगणाऱ्या तर्कप्रणालीत जे शक्यतः अनिवार्य ते अनिवार्यच, म्हणून ते आपल्या जगातही आलं. आकडेमोड बिनचूक. मुलं फसतात ती पहिल्याच ओळीवर, 'शक्य आहे' म्हणून मान डोलावतात तिथे.

'शक्य'चे अर्थ दोन, आणि खरं तर मराठीत हा फरक क्रियापदातच आहे. 'जायकवाडी भरलं असेल' म्हणजे मला ठाऊक नाही. 'जायकवाडी भरू शकलं असतं' म्हणजे भरलं नाही हे ठाऊक आहे, पण परिस्थिती वेगळी असती तर भरलं असतं. प्लांटिंगाला दुसऱ्या जातीचं शक्य लागतं आणि वाचक त्याच्या पदरात पहिल्या जातीचं टाकतो. पाणी एचटूओ नसेल, असं रसायनशास्त्र न शिकलेला माणूस खुशाल म्हणेल. पण तत्त्वज्ञ सॉल क्रिपकीच्या मते ते एचटूओ नसू शकलं नसतं. शिवाय तीच प्रणाली उलटी चालवता येते: परमश्रेष्ठ सत् नाही असं एक जग शक्य माना, की ते कुठल्याच जगात उरत नाही. दोन्ही गृहीतकं वहीत समोरासमोर लिहा. कोणतं का स्वीकारायचं, वाद तेवढाच उरतो. हा युक्तिवाद सिद्धता नाही, हे प्लांटिंगाही मान्य करतो. गाइडांतून नेमकं हेच वाक्य गाळलेलं असतं.

अनिष्टाची समस्या म्हणजे ईश्वर असेल तर जगात दुःख आणि दुष्टपणा का, हा प्रश्न. तिची नोंद मायकेल टूली यांची, आणि लांबलचक. तिच्यातला संभाव्यतेच्या गणिताचा भाग पहिल्या वाचनात सरळ सोडा. आधी एवढं पक्कं करा: तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी (१९५५) म्हणतो, ईश्वर आणि अनिष्ट यांत तार्किक विसंगतीच आहे, विल्यम रो (१९७९) तेवढं म्हणत नाही. वणव्यात होरपळून दिवसेंदिवस तडफडणारं हरणाचं पाडस दाखवून रो म्हणतो, यातून काही भलं निघतं असं मानायला आधार दिसत नाही. अनिष्ट माणसाच्या स्वतंत्र निवडीतून येतं, हे इच्छास्वातंत्र्याचं उत्तर मॅकीला लागू पडतं. पाडसापुढे ते तोकडं पडतं, तिथे माणसाची निवड कुठे आहे? पेपरात या दोघांची खिचडी सर्रास होते.

भारतीय बाजूला गंगेश, शंकराचार्य यांच्यावर नोंदी आहेत, पण ईश्वराच्या युक्तिवादांच्या मुख्य नोंदींतला भर पाश्चात्त्यच. ईश्वराच्या बाजूने युक्तिवाद करणाऱ्या न्यायदर्शनातल्या उदयनासाठी दुसरीकडे जावं लागतं.

प्रबंधात संदर्भ देताना चालू पानाचा पत्ता देऊ नका, नोंद सुधारली की मजकूर बदलतो. कोशाच्या वर्षाला चार आवृत्त्या जतन होतात. नोंदीच्या संदर्भ-माहितीच्या दुव्यावरून त्यातल्या एकीचा कायमचा पत्ता घ्या. टिपा वेगळ्या पानावर असतात, प्रिंट काढताना त्या हमखास राहतात. छान मांडलेली पीडीएफ हवी असेल तर वार्षिक वर्गणी आहे. ती नाही भरली तरी चालतं.