प्लेटलेटच्या नावाखाली गेलेले 37,900

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं लपवालपवी नको. 37,900 रुपये. तारीख 24 एप्रिल 2021, शनिवार, दुपारी सव्वाएक ते संध्याकाळी साडेसहा. पाच व्यवहार, पाचही माझ्या फोनवरून, माझ्या बोटानं.

मी साखर कारखान्यात काट्यावर क्लार्क आहे. भरल्या ट्रॉलीवर उसाखाली दोन माणसं आडवी झोपवून वजन वाढवणारे मला लांबून कळतात. (काट्यावर फक्त ट्रॅक्टरवालेच लबाडी करतात असं माझं म्हणणं नाही, पण तो विषय आज नको.) सांगायचं एवढंच की मी काही भोळाभाबडा माणूस नाही. हे वाचून ‘अशिक्षित असेल’ म्हणणाऱ्यांनी इथंच थांबावं.

पोरगी तेव्हा चार वर्षांची. मार्चमध्ये ताप जाईना, पायांवर लाल ठिपके. त्या दिवसांत ताप म्हटलं की एकच विचार. तालुक्याच्या डॉक्टरांनी दोनदा कोरोनाची टेस्ट करायला लावली, दोन्ही वेळा निगेटिव्ह. तिसऱ्या खेपेला साधा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, केला आणि त्याच संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, पुण्याला न्या, थांबू नका. रक्ताचा कॅन्सर, एएलएल. किमो जन आरोग्य योजनेत बसली, पण खोलीचं भाडं, गाडी, बाहेरची औषधं कशात बसत नाहीत. कारखान्यातल्या लोकांनी वर्गणी काढून 46,500 रुपये माझ्या खात्यावर टाकले होते. म्हणजे जे गेले ते माझे नव्हतेच. हे लिहिताना आत्तासुद्धा कान तापतात.

इंडक्शनचा, म्हणजे किमोच्या पहिल्या टप्प्याचा, तिसरा आठवडा. ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांना सांगायला नको. औषध आजाराच्या पेशी मारतं तसं चांगल्याही मारतं, काउंट रोज खाली. शनिवारी सकाळी प्लेटलेट, म्हणजे वाहतं रक्त थांबवणाऱ्या पेशी, फक्त 8,000. नाकातून रक्त येत होतं, थांबत नव्हतं. डॉक्टर म्हणाले एसडीपी लागेल, म्हणजे एकाच डोनरकडून मशीननं काढलेल्या प्लेटलेट, डोनर बघा. रक्तगट ए निगेटिव्ह. मी बी पॉझिटिव्ह, बायको ए निगेटिव्ह, पण तिचं हिमोग्लोबिन नऊ. तिला घेतलंच नाही.

त्या आठवड्यात डोनर आणायचा कुठून? कॉलेजं बंद, कंपन्या अर्ध्या, शिबिरं नाहीत. प्लेटलेट पाच दिवसांपलीकडं टिकत नाहीत, साठा करून ठेवता येत नाही. 22 तारखेच्या रात्री आठपासून जिल्ह्याबाहेर जायला ई-पास. गावाकडची पोरं तयार होती, निघता येत नव्हतं. त्यात लसीकरण. ब्लडबँकेच्या काउंटरवर सकाळी मला तोंडपाठ होईल इतक्यांदा सांगितलं होतं: लस घेतलेला माणूस आणू नका, डोसनंतर 28 दिवस चालत नाही. (पुढं मे महिन्यात ते 14 दिवस केलं.) हे 28 दिवस लक्षात ठेवा, पुढं येणार आहेत.

मी मेसेज टाकला. पोरीचं वय, आजार, रक्तगट, रुग्णालय, वॉर्ड, बेड, माझं नाव, माझा नंबर, शेवटी हात जोडलेले. चोराला जे जे लागतं ते सगळं मीच टाइप करून दिलं. तासाभरात तो मेसेज कुठल्या कुठं पोचला.

सव्वाएकला फोन. ‘दादा, लेकराला प्लेटलेट पायजेत ना? मी ए निगेटिव्ह. चाकणला असतो.’ मागं एक लहान मूल रडत होतं. मी पैशाचं विचारलं तर चिडला. ‘लेकराच्या रक्ताचे पैसे घेतले तर नरकात जाईन. फक्त पेट्रोलचं बघा, ड्युटी बंद आहे.’ 1,500 पाठवले. आजही कुणी असं बोललं तर मी पाठवीन की काय, याची मला खात्री नाही.

त्यानं आधार कार्डाचा फोटो पाठवला, रक्तदानाचं कार्ड पाठवलं. मग म्हणाला, सोबत मित्रालाही आणतो, त्याचाही गट तोच, उद्या लागलं तर उपयोगी. ए निगेटिव्ह दोन माणसं, एकाच खोलीत, मित्र! दोघांच्या आरटीपीसीआरचे 2,400. सरकारनं तो दर त्याच महिन्याच्या सुरुवातीला 500 वर आणला होता, पेपरात वाचलं होतं. आणि डोनरच्या ज्या काही तपासण्या लागतात त्या ब्लडबँक स्वतः करते, डोनरनं बाहेरून काही करून आणायचं नसतं. पाठवले.

आता ती गोष्ट. मला धीर द्यायला तो म्हणाला, ‘घाबरू नका दादा, मी ॲम्ब्युलन्सवर असतो, फ्रंटलाइनमध्ये. दोन्ही डोस झालेत. दुसरा गेल्या सोमवारी.’

गेल्या सोमवारी. म्हणजे पाच दिवस.

मला ऐकू आलं. कळलंसुद्धा. 28 दिवस डोक्यात वाजले. आणि मी गप्प बसलो. का, तर मी बोललो आणि तो म्हणाला ‘मग राहू द्या’, तर डोनर जाईल. ब्लडबँकेपासून लपवता येईल का, हाही विचार तेव्हा मनात येऊन गेला, हे लिहायला लाज वाटते पण लिहितो. खरा डोनर असता तर ब्लडबँकेनं त्याला परत पाठवलाच असता. म्हणजे तो खरा असो की खोटा, माझ्या काही कामाचा नव्हता. एवढं साधं गणित, आणि मी हिशेबाचा माणूस.

तुम्ही म्हणाल, झोपला होतास का. नव्हतो, तीच अडचण. चार रात्री झोपलो नव्हतो. कोरोनामुळं मुलाजवळ एकालाच थांबू देत, बायको आत, मी खाली पार्किंगमध्ये. ती वरून फोन करायची, ‘अजून येतंय रक्त.’ एवढंच.

तीन वाजता त्याचा फोन: नाक्यावर गाडी धरली, पास नाही, सोडायचे 5,000. मागं शिट्टीचा आवाज. पाठवले. आतापर्यंत 8,900.

पावणेपाचला दुसरा नंबर. ‘ब्लडबँकेतून बोलतोय, तुमचे डोनर बसलेत, एसडीपीचं किट काढतोय, 11,000 ऑनलाइन भरा म्हणजे थेट मशीनला घेतो.’ एसडीपीचा दर तेवढाच सांगितला होता सकाळी, म्हणून शंका आली नाही. ब्लडबँक तळमजल्यावर. मी उभा होतो तिथून चालत दोन मिनिटं. गेलो नाही. तिथं पन्नास माणसांची रांग होती, आणि रांग सोडून काम होतंय म्हटल्यावर मराठी माणूस काय करतो ते तुम्हाला माहीत आहे.

साडेसहाला शेवटचं. ‘तुमच्याकडून जास्त आलेत, परत करतोय, आलेल्या रिक्वेस्टवर पिन टाका.’ टाकला. 18,000 आले नाहीत, गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. हे मी स्वतः आमच्या वॉचमनला दोन महिन्यांपूर्वी शिकवलं होतं.

मग दोन्ही नंबर बंद.

पण 37,900 पेक्षा मला जे खातं ते दुसरंच आहे. साडेतीनच्या सुमाराला हडपसरहून एका कॉलेजच्या पोराचा फोन आला होता. ए निगेटिव्ह, लस घेतलेली नाही, सायकलवर येतो म्हणाला. मी त्याला काय सांगितलं? ‘नको बाळा, सोय झाली.’ आणि थँक्यू म्हणालो. रात्री त्याला परत लावला तेव्हा तो दुसऱ्या कुणाला तरी देऊन आला होता. म्हणून जो कुणी डोनर शोधतोय त्यानं हे एक वाक्य भिंतीवर लिहून ठेवावं: पहिल्या डोनरच्या हातात सुई टोचेपर्यंत दुसऱ्याला नको म्हणायचं नाही.

रात्री आठला वॉर्डातल्या सोशल वर्कर मॅडमना रडत सांगितलं. त्यांनी आधी मला झापलं, मग वही काढली. वहीत नेहमीच्या डोनरांचे नंबर होते. एक रिक्षावाला पावणेदहाला आला, दीड तास मशीनला बसला, चहासुद्धा घेतला नाही. पहाटे दोनला पोरीला पिशवी लागली. त्या मॅडम सकाळपासून त्याच मजल्यावर होत्या. मी विचारलंच नव्हतं. तुम्ही आधी तिथं जा.

आता व्यवस्थेचं ऐका. चौथा शनिवार, बँक बंद. कस्टमर केअर: 40 मिनिटं गाणं, मग ‘सर, व्यवहार आपणच पिन टाकून केलाय.’ सोमवारी शाखेत, दोन वाजता शटर, मी दीडला आत. साहेबांनी अर्ज घेतला, पोच दिली नाही. पुन्हा गेलो तेव्हा मिळाली, तारीख मात्र नवीन टाकून. अर्जाची पोच शिक्का-तारखेसह घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, माणूस कितीही गोड बोलला तरी.

पुण्याच्या पोलीस ठाण्यात म्हणाले, खातं गावच्या शाखेचं ना, मग गावाकडं तक्रार. गावाकडं फोन केला तर म्हणाले, घडलं पुण्यात ना. हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घेता येतो हे मी सांगितल्यावर हवालदार म्हणाला, वकील आहात का. सगळे बंदोबस्ताला आहेत, माणसं मरतायत, तुमचं 37 हजारांचं काय घेऊन बसलात. एकानं तर वरून मलाच सुनावलं: ‘रक्त विकत घ्यायला निघाला होता होय? गुन्हा आहे तो.’ खरं आहे. पैसे घेऊन रक्त देणं 1998 पासून बंद आहे, सुप्रीम कोर्टानं बंद केलं. पण साहेब, तुम्हाला कायदा पाठ आहे तर दोन मोबाइल नंबर, दोन यूपीआय आयडी आणि एक आधारचा फोटो पुढ्यात ठेवलाय, त्याचं काय? तो आधार बहुतेक माझ्यासारख्याच कुणाचा तरी, हेही मीच सांगायचं? सायबर सेलनं ईमेल करायला सांगितलं. ईमेलला उत्तर आलं: पोर्टलवर भरा. पोर्टलवर भरलं. चार वर्षं झाली, तिथं ‘प्रक्रियेत’ असं दिसतं. मी वर्षातून दोनदा बघतो, जत्रेला जावं तसं.

आता ऑनलाइन फसवणुकीसाठी 1930 हा हेल्पलाइन नंबर आहे. पैसे गेल्याचं कळल्या मिनिटाला लावा, नवऱ्याला-भावाला विचारत बसू नका. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले तर अडतात, नंतर नुसते कागद.

हे आज लिहायचं कारण, गेल्या आठवड्यात आमच्या पालकांच्या ग्रुपवर एका बापानं तसाच मेसेज टाकला. बेड नंबरासकट. कोरोना गेला, मेसेज तोच. मी त्याला फोन केला, तोवर ‘पेट्रोलचे’ 2,000 गेले होते. तो मला म्हणाला, नाही हो, हा माणूस चांगला वाटतोय, पैसे घ्यायला तयारच नव्हता. अर्धा तास भांडलो. मेसेजमध्ये रक्तगट, गाव आणि ब्लडबँकेचा नंबर टाका, संपलं. डोनरला म्हणावं, थेट काउंटरला ये आणि तिथून फोन कर. येणारा येतो. भाडं द्यायचंच असेल तर तो समोर उभा राहिल्यावर रोख द्या.

पोरीचं औषध 2023 च्या शेवटी बंद झालं. आता तिमाही तपासणी असते. कारखान्यातल्या वर्गणीचा हिशेब मी वहीत लिहून सगळ्यांना दाखवला, गेलेली रक्कम पगारातून 19 महिन्यांत भरून काढली. कुणी मागितली नव्हती.

बायकोला तेव्हा 8,900 च सांगितले होते. वही तिच्यासमोर उघडली नाही. पगार कमी का येतो विचारलं तेव्हा सोसायटीचा हप्ता म्हणालो. हे ती वाचणार, तिच्याच ग्रुपवर जाणार आहे, म्हणून आज रात्री जेवणाआधी सांगतो.