रोजच्या जगण्याची कविता: आधी अक्षरं मोजायची की काळ पाहायचा?

'सकाळी उठोनी । चहा-कॉफी घ्यावी । तशीच गाठावी । वीज-गाडी ॥'

कवी बा. सी. मर्ढेकरांच्या या चार चरणांवर लिहायचं ठरलं, तर सुरुवात दोन ठिकाणांहून करता येते. एक तर कवितेच्या घडणीकडून, म्हणजे आकृतिवादी समीक्षेच्या वाटेनं. नाहीतर ती ज्या जगण्यातून आली त्याच्याकडून, समाजलक्ष्यी वाटेनं. लेख हजारेक शब्दांचाच असेल तर दोन्हींना सारखा न्याय द्यायच्या फंदात पडू नये.

घडणीची वाट आधी पाहू. अक्षरं मोजा: सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक, घ्यावी-गाठावी. हा मोठा अभंग. 'सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया ॥' याचंच माप. आता क्रियापदं. 'घ्यावी', 'गाठावी' ही उपदेशाची रूपं. ज्या सुरात नामस्मरण करायला सांगतात, त्या सुरात इथं चहा प्यायला नि गाडी पकडायला सांगितलंय. चौथा चरण दोन अक्षरांनी तोकडा, म्हणून कान तिथं थांबतो. तुकोबांकडे त्या थांब्यावर विठोबाचं उभं राहणं पुरं होतं. इथं गाडी येते. 'उपरोध' असं लिहिण्याआधी एवढं दाखवता आलं पाहिजे. विद्यार्थ्यांचे लेख घसरतात ते इथंच: शिक्का पहिल्या वाक्यात, पुरावा कुठंच नाही.

मग एक शब्द बदलून पाहा. 'लोकलगाडी' पाच अक्षरी, माप मोडतं. 'आगगाडी' मात्र चार अक्षरांत चपखल बसते. तरी कवीनं ती का घेतली नसेल? याचं उत्तर मोजणीत नाही. मुंबईत विजेवरची पहिली गाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला धावली. आगगाडी गावाला नेते, सुट्टीला, लग्नाकार्याला. वीज-गाडी रोज कचेरीला नेते आणि संध्याकाळी परत आणून सोडते. म्हणजे एका शब्दापुरती का होईना, दुसरी वाट लागलीच. पण तीच धरून बसलात तर लेख रेल्वेच्या इतिहासात शिरतो नि कविता नुसती दाखल्यापुरती उरते. या ओळींसाठी तरी घडण मुख्य, काळ मदतीला, असंच आमचं मत.

गंमत म्हणजे समीक्षक मर्ढेकर पक्के पहिल्या वाटेचे. 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये (1955) ते संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर, म्हणजे कलाकृतीचे घटक एकमेकांशी कसे जुळतात यावर, भर देतात. त्यांच्या कवितेचं मात्र पिपं, उंदीर, गाड्या यांच्याशिवाय पान हलत नाही. त्यांचा सिद्धान्त त्यांच्याच कवितेवर सरसकट लावायला जाऊ नये.

नारायण सुर्व्यांकडे वळलं की पारडं फिरतं. 'तुमचंच नाव लिवा'मध्ये अक्षरं मोजून हाती फारसं लागत नाही. तिथं आधी विचारायचं: कोण बोलतंय, कुणाशी, कुठं? मुलाला शाळेत घालायला आलेली वेश्या मास्तरांशी बोलतेय, आणि अडलंय ते बापाच्या नावावर. शीर्षकातला 'लिवा' घ्या. 'लिहा' केलं तर अर्थ तोच राहतो, बोलणारी बाई मात्र नाहीशी होते. बोलीला 'वास्तवाचा रंग' म्हणून एका वाक्यात उरकणं ही नेहमीची चूक; या कवितेत बोली हीच घडण आहे.

नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा' या कवितासंग्रहात (1972) तर पहिली अडचण शब्दांचीच. कामाठीपुऱ्याच्या परिसरातली ही भाषा बाहेरच्याला कोशातून उलगडत नाही. न कळलेल्या शब्दांची यादी करा, विजय तेंडुलकरांची प्रस्तावना सोबत ठेवा. संग्रह निव्वळ साक्षीपुरावा म्हणून वाचला, तर त्यातल्या प्रतिमांची बेफाम झेप निसटते. म्हणून यादी पुरी झाली की ती बाजूला सारून कविता मोठ्यानं वाचा. सगळे शब्द कळल्यावरही जी ओळ अडते, लेख तिच्यावर लिहा.