आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी : तीन पिनांच्या फ्लॅशर रिलेचा अनुभव

वस्तू : छोट्या गाडीसाठी बारा व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर रिले (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी), सोबत २१ वॉटचे दोन नारिंगी बल्ब. वापरायला लागून चार महिने झाले. पाचपैकी साडेतीन तारे देतेय. कापलेल्या दीड ताऱ्यात रिलेच्या कामाचा काहीही दोष नाही, हे आधीच सांगून टाकते. खरं तर मला या रिलेची गरजच नव्हती.

गाडी जुनी, छोटी, डिकी जेमतेम. डावा इंडिकेटर दिला की शहाण्यासारखा टिक-टिक करायचा. उजवा दिला की पिसाटल्यासारखा, दुप्पट वेगाने. दादाला फोन केला. दादा आमच्या घरातला गाड्यांचा जाणकार, म्हणजे एकदा त्याने स्वतःच्या हाताने वायपर बदललाय. "अगं, टिकटिक बिघडली म्हणजे रिलेच गेला. मागव आणि लाव, दहा मिनिटांचं काम." मागवला. दहा मिनिटांचे सव्वा दोन तास झाले.

आधी जुना रिले सापडायला हवा ना! माझ्या गाडीत तो स्टिअरिंगच्या खाली, पेडलच्या वरच्या अंधारात बसलाय. तिथे एकसारख्या दिसणाऱ्या चार काळ्या डब्या. युक्ती सोपी आहे : चारी इंडिकेटर एकदम (म्हणजे हॅझर्ड) लावायचे आणि एकेका डबीवर बोट ठेवायचं. जी बोटाखाली धडधडते ती आपली. पाय दाराबाहेर, डोकं पेडलपाशी आणि मान कुठे ते आठवत नाही, अशा अवस्थेत मी ती ओढून काढली.

इथे पहिला अर्धा तारा गेला. जुन्या रिलेच्या पोटावर बी, एल, ई अशी अक्षरं होती आणि नव्यावर ४९, ४९ए आणि ३१ हे आकडे. पाकिटातल्या चिठोऱ्यावर याबद्दल चकार शब्द नाही. अर्थ असा : बी आणि ४९ म्हणजे बॅटरीकडून येणारी वायर, एल आणि ४९ए म्हणजे दिव्यांकडे जाणारी, ई आणि ३१ म्हणजे अर्थिंग, करंटची गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परतीची वाट. तीन पिनांचे रिले वरून जुळ्या भावांसारखे दिसतात, पण पिनांचा क्रम सगळ्यांचा सारखा नसतो. क्रम चुकला तर नवाकोरा रिले लावता लावताच जळू शकतो. विकणाऱ्याने फोटो मात्र वरूनच काढलाय, जिथे बघण्यासारखं काही नाही! माझा क्रम जुळला तो नशिबाने.

लावला. डावा इंडिकेटर दिला, घड्याळ लावून मोजलं : पंधरा सेकंदांत २१ वेळा, म्हणजे मिनिटाला ८४. एकदम नियमात, कारण इंडिकेटरने मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकावं असं आंतरराष्ट्रीय नियम सांगतो. मग उजवा दिला. पंधरा सेकंदांत ४२. तोच पिसाटपणा, फक्त आवाज नवा.

आणि तिथे खाली पडल्या पडल्याच डोक्यात प्रकाश पडला. रिले एकच आहे, दोन्ही बाजूंना तोच चालवतो. मग एक बाजू नीट चालत असेल तर तो बिघडलेला कसा असेल? आग रामेश्वरी आणि मी बंब घेऊन सोमेश्वरी.

हा वेग कशाने वाढतो ते कळलं तर पुढचं सगळं सोपं होतं. एका बाजूला पुढे २१ वॉटचा बल्ब, मागे २१चा आणि बाजूला छोटा ५ वॉटचा. मिळून ४७ वॉट, म्हणजे बारा व्होल्टवर साधारण चार अँपिअर. या करंटवर रिलेमधली चिप नजर ठेवून असते. एक मोठा बल्ब गेला की करंट जेमतेम दोन अँपिअरवर येतो आणि चिप मुद्दाम वेग दुप्पट करते, चालवणाऱ्याला कळावं म्हणून. म्हणजे तो बिचारा बोंब मारत होता आणि मी त्याचीच बदली करत होते. (तापून वाकणाऱ्या पट्टीचे जुने रिले याच्या नेमके उलट वागायचे. बल्ब गेला की ते मंदावायचे, नाहीतर दिवा नुसता जळत राहायचा.)

मग उजवा इंडिकेटर चालू ठेवून गाडीभोवती चक्कर मारली. हे सगळ्यात आधी करायचं काम, मी सगळ्यात शेवटी केलं. पुढचा लख्ख, बाजूचा ठीक, मागचा मरतुकडा. पाकिटातला नवा बल्ब घातला. या नारिंगी बल्बच्या कडेच्या दोन पिना समोरासमोर नसतात, एक जरा सरकलेली असते, म्हणजे पांढरा बल्ब चुकून त्या होल्डरमध्ये बसू नये. बसत नाही म्हणून दाबू नका, फिरवून बघा. बल्ब बसला, पण मागचा दिवा होता तसाच मरतुकडा.

तेवढ्यात एक गोष्ट दिसली, तीही अंधारून आलं होतं म्हणून. पार्किंग लाइट बंद असूनही नारिंगी दिव्याच्या तालावर शेजारचा लाल दिवा मिणमिणत होता. असं दिसलं की बल्बवर वेळ घालवू नये, अर्थिंग बघावं. करंटला परतीची सरळ वाट मिळत नाही, म्हणून तो कमी पडतो (चिपला बल्ब गेल्यासारखंच वाटतं) आणि शेजारच्या बल्बमधून आडवाटेने घुसतो. मल्टिमीटरची एक वायर होल्डरच्या अर्थ पट्टीवर टेकवली, दुसरी बॉडीच्या उघड्या बोल्टवर. दोन्ही अर्थच, तेव्हा शून्य यायला हवं. प्रत्येक टिकेसरशी काटा चार व्होल्टपर्यंत उडी मारत होता.

डिकीचं अस्तर उचकटलं. टेल लॅम्पच्या रबरी गॅस्केटमधून पाणी झिरपून अर्थ वायरच्या टोकाची गोल कडी पार कळकली होती. तांब्यावर हिरवा थर, खाली बोल्टभोवती गंज. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, बोल्ट काढला, कडी आणि तिच्याखालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, घट्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली लावली. मीटर शून्याला टेकलेला. उजवा इंडिकेटर पंधरा सेकंदांत २१.

कुतूहल म्हणून जुना रिले परत लावून पाहिला. २०. ठणठणीत.

तरीही नवाच ठेवलाय, त्याला कारण आवाज. जुन्याची कुजबुज मला ऐकू यायची नाही आणि वळण संपल्यावरही इंडिकेटर तसाच चालू राहायचा. याची टिक खणखणीत आहे, गाणी लावली तरी ऐकू येते. चार महिन्यांत वेग एकदाही हललेला नाही. रिलेबद्दल तक्रार शून्य.

उरलेला एक तारा बल्बांनी खाल्ला. काच साधी आणि वर नारिंगी रंगाचा लेप, इतकंच. तिसऱ्या महिन्यात एकाचा लेप पोपडे धरून सुटला आणि इंडिकेटर मधूनमधून पांढरा दिसायला लागला. त्याच्या जागी होल्डरमध्ये परत जुना बल्बच घातलाय.

एलईडी लावणाऱ्यांसाठी एवढंच : हा रिले तुमच्यासाठी नाही. एलईडी इतका कमी करंट घेते की याला बल्ब गेलाय असंच वाटतं आणि तो धावत सुटतो. मग लोक ६ ओहम, ५० वॉटचा रेझिस्टर जोडतात, जो इतका तापतो की प्लास्टिकला टेकला तर ते वितळवतो. वीज वाचवायला एलईडी आणायची आणि वाचलेली वीज रेझिस्टरमध्ये जाळायची, हा व्यवहार मला काही पटत नाही. एलईडीसाठीचा वेगळा रिले मिळतो, पण बहुतेक वेळा तो बल्ब गेल्याचं सांगत नाही.

मग हा घ्यावा कुणी? दोन्ही बाजू आणि हॅझर्डही मेलेले आहेत, फ्यूज शाबूत आहे, सॉकेटमध्ये ४९च्या जागी बारा व्होल्ट येतायत, आणि रिले काढून ४९ व ४९ए वायरच्या तुकड्याने जोडले की दिवे लुकलुकत नाहीत पण सलग लागतात, अशांनी. (जोडताना तुकडा तिसऱ्या घराला लागू देऊ नका.) हॅझर्ड चालतायत पण इंडिकेटर अजिबात नाही, असं असेल तर आधी हॅझर्डचं बटण दहा-बारा वेळा दाबून-सोडून बघा. पुष्कळ गाड्यांत इंडिकेटरची वीज त्याच बटणातून जाते आणि आतले पॉइंट मळतात. माझ्याच गाडीत दोन वर्षांपूर्वी हे झालं होतं, आणि तेव्हा फुकटात भागलं. वरच्या सगळ्या परीक्षा झाल्या असतील तर डोळे मिटून घ्या, फक्त पिना बघताना उघडा.

जुना रिले दादाने मागून घेतलाय. त्याच्या गाडीचा डावा इंडिकेटर हल्ली घाई करतो म्हणे.