फेझमधलं 'शंभर वर्षं जुनं' तांब्याचं ताट: माझे २,०२,०४५ रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

मोरोक्कोतून जुनी तांब्याची ताटं किंवा कोरीव टेबलं आणायचा विचार असेल तर आधी हे वाचा. दुकानदार तोंडाने काय सांगतो त्याला कवडीची किंमत नाही. बिलावर जे लिहिलंय तेवढंच तुम्ही विकत घेतलेलं असतं. माझ्या बिलावर काय होतं ते पुढे सांगतेच.

मी पुण्यात घरांच्या अंतर्गत सजावटीची कामं करते. बाणेरच्या एका कुटुंबाला मूरिश पद्धतीची बैठक हवी होती. लंडनच्या लेटन हाऊस या संग्रहालयातला अरब हॉल पाहून आल्यापासून त्यांच्या डोक्यात तेच होतं: कमानी, रंगीत फरशा, बुटक्या बैठका आणि मधोमध घडीच्या लाकडी स्टँडवर भलंमोठं तांब्याचं ताट. फरशा बघायला मी मोरोक्कोला जाणारच होते, म्हणून ताट, स्टँड आणि एक अष्टकोनी टेबल माझ्यामार्फत घ्यायचं ठरलं.

मोरोक्कोतल्या फेझच्या जुन्या शहरात, करावियीन मशिदीला लागूनच सेफारीन चौक आहे. तांबट तिथे उघड्यावर बसून भांडी घडवतात. ते काम अस्सल आहे आणि त्या कारागिरांना मी अजिबात बोल लावत नाही. पण गाइडची युक्ती तिथूनच सुरू होते. खरं काम दाखवून तुमचा विश्वास बसवायचा आणि मग गल्ल्या पार करून एका वाड्यात न्यायचं. गाइडला दुकानदाराकडून मिळणारं कमिशन वगैरे तुम्हाला माहीत आहेच, ते सांगत बसत नाही. पुदिन्याचा चहा आला, गालिच्यावर ताटं मांडली गेली आणि मालक म्हणाला, "हे माझ्या आजोबांच्या घरातलं, शंभर वर्षांच्या वरचं."

नव्वद सेंटिमीटरचं ताट ६,५०० दिरहम (मोरोक्कोचं चलन), स्टँड ९००, हाडाचं जडावकाम केलेलं देवदार लाकडाचं टेबल ७,२००, घरपोच पाठवणी ४,९००. एकूण १९,५०० दिरहम. विदेशी चलनाचं शुल्क धरून कार्डावर १,७०,५६५ रुपये लागले. इथे आल्यावर आयात शुल्क आणि इतर आकार मिळून ३१,४८० रुपये.

मी डोळे मिटून घेतलं नाही. उचलून वजन पाहिलं, चांगलं जड होतं. खाचांमध्ये काळपटपणा होता, कडेला हिरवा गंज होता. टेबलाच्या पायांना किड्यांची भोकं होती. अशा मालाशी माझा रोजचा संबंध आहे, आणि माझ्या जागी दुसरं कोणीही असतं तरी त्या उजेडात याहून जास्त काही दिसलं नसतं.

पण बिल. ते बिल मला आजही झोपेत आठवतं. त्याने ताट तांब्याचं असल्याचं लिहिलं आणि पुढे फ्रेंचमध्ये, 'आर्टिझाना, नवीन'. म्हणजे हस्तकलेची नवी वस्तू. मी तिथल्या तिथे विचारलं, "जुनं आहे ना, मग नवीन का लिहिता?" तो हसत म्हणाला, "मॅडम, तुमच्याच सोयीसाठी. जुनं लिहिलं तर कस्टमवाले त्रास देतात." एवढं सरळ उत्तर! मोरोक्कोत पुरावस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, १९८० चा २२-८० क्रमांकाचा कायदाच आहे. वस्तू खरोखर तशी जुनी असती तर परवान्याचा कागद निघाला असता. ती परवान्याशिवाय सहज निघते याचा अर्थ एकच: तो चोरीछुपे माल बाहेर काढतोय, नाहीतर माल जुना नाहीच. हे सगळं त्या एका वाक्यात माझ्यासमोर होतं, आणि त्याने 'तुमच्या सोयीसाठी' म्हटल्यामुळे मी ते कागदी भानगड समजून सोडून दिलं. परदेशी दुकानात दहा माणसं भोवती उभी असताना, पॅकिंग सुरू झालेलं असताना कोण कायदा आठवत बसतं?

बिंग फुटलं ते पुण्यात. कडेचा हिरवा डाग वाढायला लागला म्हणून तांबट आळीतल्या एका जुन्या कारागिराला बोलावलं. त्यांनी चिंच-मीठ लावून चोळलं तर तांब्याचा रंगच निघून आला आणि खाली करडा पत्रा दिसला. त्यांनी ताट उलटं केलं, चुंबक लावला, तो चिकटला. "ताई, हे लोखंड आहे. वर तांब्याचा मुलामा दिलाय. आणि नक्षी ठोकलेली नाही, प्रेसवर दाबलेली आहे." हे सगळं घराच्या मालकीणबाईंसमोर. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

चुंबक जवळ ठेवाच. इअरबड्सच्या डबीतही असतो. तांबं-पितळ चिकटत नाही.

टेबलाचं 'हाड' तापलेल्या सुईने वितळलं, म्हणजे प्लास्टिक. किड्यांची भोकं सगळी एका मापाची आणि सरळ आत गेलेली, ड्रिलने पाडलेली. खरा किडा वाकडातिकडा पोखरतो.

आता तक्रारीचं ऐका. तिथल्या पोलिसांना मेल केला, उत्तर आलं की स्वतः हजर राहून अरबी किंवा फ्रेंचमध्ये तक्रार द्या. म्हणजे विमानाचं तिकीट काढून! बँकेकडे पैसे परत मिळण्यासाठी अर्ज केला. त्यांनी बिल मागवलं आणि लिहून कळवलं की बिलात 'नवीन हस्तकला वस्तू' असं आहे, तुम्हाला नवीन हस्तकला वस्तूच मिळाली आहे, दावा बंद. मी म्हटलं, अहो, बिलात तांबं लिहिलंय आणि मिळालंय लोखंड! तर म्हणे धातूच्या तपासणीचा अहवाल आणा. अहवाल दिला, तर मुदत संपली. ज्यांनी अहवाल मागितला त्यांनीच मुदत सांगितली नव्हती. कुरिअरवाले म्हणतात आम्ही फक्त तुटफुटीला जबाबदार. ग्राहक तक्रारीच्या कार्यालयात साहेबांनी कागदाकडे न बघताच विचारलं, "विक्रेता भारतात आहे का?" नाही म्हटल्यावर फाइल माझ्याकडे सरकवली. आयात शुल्क घेताना मात्र कोणालाही काही अडचण आली नव्हती. ते ३१,४८० रुपये लोखंडी पत्र्यावर बिनबोभाट वसूल झाले. प्रत्येक टेबलावर 'आमच्याकडे येत नाही' हेच ऐकलं. मग हे येतं कोणाकडे?

बिलावर वस्तूचं वय, धातू आणि 'हाताने घडवलेलं' हे लिहून घ्या. दुकानदार कचरला की उठा, चहा अर्धा राहिला तरी. ताट उलटं करून बघा: हाताच्या कामात मागच्या बाजूलाही ठोक्यांच्या खुणा कमीजास्त दिसतात, प्रेसच्या कामात सगळं एकसारखं. जुनं वापरातलं ताट जिथे हात लागतो तिथे झिजलेलं असतं, खाचांत मळ असतो. माझ्या ताटाची झीज सगळीकडे सारखी होती. आणि फक्त दिसायला सुंदर हवं असेल तर नवं, नवं म्हणून विकलेलं घ्या. सेफारीन चौकात मिळतं, मुरादाबादेत मिळतं, आपल्या तांबट आळीतही सांगून घडवून मिळेल. जुन्याचे पैसे फक्त कागद असेल तरच मोजा.

त्या कुटुंबाचे पूर्ण २,०२,०४५ रुपये मी माझ्या खिशातून परत केले आहेत. बँकेच्या वरच्या पातळीवरचं अपील अजून चालू आहे. ताट, टेबल आणि बिल माझ्याकडेच आहे. मोरोक्कोला जाणाऱ्या कोणाला खोटा माल हातात घेऊन बघायचा असेल तर कळवा, निघण्याआधी येऊन बघून जा.