बारावीचे मार्क कमी आले? बोर्डाची छायाप्रत सेवा घेण्यासारखी आहे का

निकालाच्या दिवशी संध्याकाळी घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "रिचेकिंगला टाकूया." महाराष्ट्राच्या राज्य बोर्डाकडे मात्र या नावाची सेवाच नाही. तिथे तीन वेगवेगळ्या सेवा आहेत आणि २०२५ च्या निकालाला त्यांचे दर विषयामागे असे होते: गुणपडताळणी ५० रुपये, उत्तरपत्रिकेची छायाप्रत ४०० रुपये, पुनर्मूल्यांकन ३०० रुपये. यांतली छायाप्रत पैसे वसूल करते. पडताळणीचा उपयोग थोड्यांनाच होतो. पुनर्मूल्यांकनाचा निर्णय छायाप्रत नीट वाचल्यावरच घ्यावा, आणि तसाही छायाप्रत घेतल्याशिवाय तो अर्ज करताच येत नाही.

गुणपडताळणीत पेपर पुन्हा तपासला जात नाही. एखादं उत्तर मार्क द्यायचं राहून गेलं का, आतले मार्क पहिल्या पानावर बरोबर उतरले का, बेरीज जुळते का, एवढंच बघतात. उत्तर बरोबर असून कमी मार्क दिले, अशी तक्रार असेल तर हे ५० रुपये फुकट जातात. छायाप्रत हातात आली की बेरीज घरीच करता येते, त्यामुळे छायाप्रत मागवणाऱ्याने त्याच विषयाची पडताळणी वेगळी मागण्यात फारसा अर्थ नाही.

कोकण विभागाचा २०२५ चा निकाल ९६.७४ टक्के होता, राज्याचा ९१.८८. या विभागाला राज्यात पहिलं येण्याची सवयच झाली आहे. पण वाडीतली सगळी मुलं पास झालेली असताना ज्याला ४८ टक्के पडले किंवा जो एका विषयात राहिला, त्याला आपण एकटेच मागे पडलो असं वाटतं आणि त्या भरात सहाही विषयांचे अर्ज होतात. सहा छायाप्रतींचे २४०० रुपये होतात. एवढ्याची गरज सहसा नसते. पहिले दोन दिवस अर्ज करू नका, मुलाला जेवू द्या, झोपू द्या. तो गप्प गप्प राहत असेल, झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला असेल, तर थांबू नका. टेली-मानस या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनला १४४१६ या नंबरवर फोन लावा. ही सरकारी सेवा फुकट आहे, २४ तास चालते, आणि पालकांनीही तिथे बोलायला हरकत नाही. २०२५ ला निकाल ५ मे रोजी लागला आणि पडताळणी व छायाप्रतीचे अर्ज ६ ते २० मे घेतले. म्हणजे विचार करायला १५ दिवस असतात, दोन दिवस थांबल्याने काही बिघडत नाही.

विषय निवडताना प्रश्नपत्रिका समोर ठेवून, आठवेल तसे स्वतःचे मार्क लावा. फरक १० च्या वर असेल तरच तो विषय घ्या. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, अकाउंट्स यांत प्रत्येक पायरीला मार्क असल्याने चूक दाखवता येते. भाषेच्या पेपरात निबंधाला तीनऐवजी चार का नाहीत, हे सिद्ध करणं फार कठीण. आणखी एक गोष्ट विसरली जाते: छायाप्रत फक्त लेखी पेपरची मिळते. फिजिक्सच्या १०० पैकी ३० मार्क प्रात्यक्षिकाचे, त्यांना या सेवेत हात लागत नाही.

अर्ज ऑनलाइन असतो, स्वतः करा किंवा कॉलेजमार्फत. गुणपत्रकाची ऑनलाइन प्रत जोडायची आणि फी कार्डाने, यूपीआयने किंवा नेट बँकिंगने भरायची. सगळ्यात जास्त घोळ विभागाचा होतो. कोकण विभागीय मंडळ रत्नागिरीला आहे आणि त्याच्याकडे फक्त रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे आहेत. महाड, मुरूड, अलिबागची मुलं कोकणातली असली तरी रायगड जिल्हा मुंबई विभागात येतो, त्यांचं कार्यालय वाशीला. दुसरा घोळ ई-मेलचा. सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रात फॉर्म भरताना तिथल्याच माणसाचा ई-मेल टाकला, तर छायाप्रत त्याच्याकडे जाते आणि तुम्हाला कळेपर्यंत पुनर्मूल्यांकनाची मुदत निघून गेलेली असते. मुलाचा स्वतःचा ई-मेल तिथे बसूनच उघडा आणि पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. छायाप्रत पोस्टाने किंवा हातोहातही घेता येते, पण दोडामार्ग किंवा मंडणगडहून रत्नागिरीला जाऊन येण्यात अख्खा दिवस मोडतो. ई-मेलच बरा. मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज आणि नेट दोन्ही दगा देतात, म्हणून शेवटच्या तारखेवर विसंबू नका.

छायाप्रत आल्यावर आधी मार्क बघू नका, पानं मोजा. पहिल्या पानावर लिहिलेल्या पुरवण्या आणि आत आलेल्या पुरवण्या जुळतात का बघा. मग प्रत्येक उत्तराशेजारचे मार्क एका कागदावर उतरवून बेरीज करा आणि पहिल्या पानाशी ताडून पाहा. एखादं उत्तर, विशेषतः पुरवणीवर पुढे चालू ठेवलेलं, मार्कांशिवाय राहिलंय का ते शोधा. एवढं घरी कोणालाही जमतं.

त्यापुढचं वाचन विषयाच्या सरांबरोबर बसून करा, आणि इथेच बहुतेकांना धक्का बसतो. फिजिक्सचा पेपर ७० चा: बहुपर्यायी १०, एका वाक्याची ८, दोन मार्कांची आठ, तीन मार्कांची आठ आणि चार मार्कांची तीन उत्तरं. बहुपर्यायी प्रश्नात अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं असतं. नुसतं (ब) लिहिलं किंवा नुसतं उत्तर लिहिलं तर मार्क नाही. आधी एक लिहून खोडून दुसरं लिहिलं तर पहिलंच धरतात. सूचना प्रश्नपत्रिकेवर छापलेली असते, पण तिच्याकडे लक्ष न दिल्याने हुशार मुलांचे पाच-सहा मार्क इथेच जातात. हे मार्क पुनर्मूल्यांकनाने परत येत नाहीत. एकक न लिहिणं, आकृतीला नावं न देणं, सूत्र न लिहिता थेट आकडे टाकणं, यांचंही तसंच. गणितात शेवटचं उत्तर चुकलं पण पायऱ्या बरोबर असूनही शून्य दिलं असेल, तर तो मुद्दा मात्र धरण्यासारखा आहे.

पुनर्मूल्यांकनासाठी छायाप्रत मिळाल्यापासून कामकाजाचे फक्त पाच दिवस मिळतात. या सेवेतली ही सगळ्यात मोठी उणीव. मे महिन्यात कॉलेज बंद, सर गावी गेलेले. सरांशी छायाप्रतीचा अर्ज करतानाच बोलून ठेवा. कोणत्या प्रश्नाला किती मार्क वाढायला हवेत आणि का, हे त्यांनी प्रश्नागणिक सांगितलं आणि एकूण चार-पाच मार्कांच्या वर जात असेल, तरच ३०० रुपये भरा.

आणि वाढलेल्या मार्कांनी खरंच काही बदलणार आहे का, हेही बघा. राज्यातल्या इंजिनिअरिंगची यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते, बारावीला ठरलेल्या तीन विषयांत मिळून खुल्या गटाला ४५ टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के पुरतात. नीटसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या गटाला ५० टक्के लागतात. जेईईतून एनआयटीत जायचं असेल तर ७५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ६५, किंवा आपल्या बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव. ज्याचे ७५ ला थोडेच कमी आहेत त्याच्यासाठी चार मार्कही मोलाचे. ६८ वाल्या सीईटीच्या मुलासाठी तेच पैसे कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फीला ठेवलेले बरे. पुनर्मूल्यांकनाच्या भरवशावर कॅपची एकही तारीख सोडू नका.

एका-दोन विषयांत राहिलेल्यांनी छायाप्रत मागवली तरी पुरवणी परीक्षेचा फॉर्म त्याच वेळी भरावा. २०२५ ला ही परीक्षा २४ जूनला सुरू झाली, निकालापासून बरोबर ५० दिवसांनी. छायाप्रतीचा खरा उपयोग इथे होतो, कारण मार्क कुठे गेले ते पानागणिक दिसतं आणि तेवढेच धडे धरून तयारी करता येते. सगळ्या विषयांत पास होऊनही मार्क वाढवायचे असतील तर श्रेणीसुधार योजनेतून लगतच्या तीन परीक्षांना बसता येतं, पहिली हीच पुरवणी. ती ऐन पावसात येते. केंद्र आपल्याच कॉलेजात असेल असं धरून चालू नका, हॉल तिकीट आल्या आल्या बघा, आणि एसटीची पहिली गाडी चुकली तर दुसरी किती वाजता आहे ते आदल्या दिवशीच स्टँडवर विचारून ठेवा.