पावसाळ्यात घरच्या सगळ्यांना घेऊन: कित्तूरचं संग्रहालय आणि धारवाडचं विज्ञान केंद्र

बेळगावात एकदा पाऊस लागला की सुट्टीच्या दिवशी मुलांना कुठं न्यायचं, हा प्रश्न घरोघरी असतो. आंबोली, चोर्ला सगळे जातात, पण त्याला स्वतःची गाडी लागते. शिवाय निसरड्यावर सासूबाईंचे गुडघे चालत नाहीत. डोक्यावर छप्पर हवं, लहानमोठ्यांचा जीव रमायला हवा आणि महिन्याच्या शेवटालाही परवडायला हवं. वडगाव-शहापूर भागातल्या आमच्यासारख्या बऱ्याच घरांना हे उपयोगी पडेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी घरी शिवणकाम करते, हे उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत, मुलगी आठवीत आणि मुलगा चौथीत.

शहरातल्या एका गेम झोनमध्ये आम्ही जाऊन आलो. कार्डात पाचशे रुपये भरले, ते तासाभरात संपले. कार्ड संपल्यावर मुलगा रडवेला झाला आणि सासूबाई तोवर बाहेरच्या बाकावर बसून होत्या. त्या पैशात आमची कित्तूरची अख्खी सहल झाली असती, खाण्यापिण्यासकट.

कित्तूर आपल्यापासून साधारण 50 किलोमीटर. हिरेबागेवाडी, एम. के. हुबळी, मलप्रभेचा पूल, की आलंच. मध्यवर्ती बसस्थानकावरून धारवाड-हुबळीकडच्या गाड्या सतत सुटतात. मात्र चढण्याआधी कंडक्टरला विचारा, विनाथांबा गाडी कित्तूर स्टँडात जाईलच असं नाही. 2023 च्या जूनपासून कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बस फुकट करणारी शक्ती योजना आहे, त्यामुळं मी, सासूबाई आणि मुलगी तिघींचं तिकीट शून्य रुपयांचं. ते तिकीट कंडक्टर हातात देतो, ते टाकून देऊ नका. यांचं पूर्ण आणि मुलाचं अर्धं, एवढाच खर्च. एक ध्यानात ठेवा, आधार कार्डावर पत्ता कर्नाटकातला लागतो. माझी नणंद कोल्हापूरला असते, तिला आमच्याच शेजारच्या सीटवर बसून पूर्ण तिकीट काढावं लागलं. पाहुण्या येणार असतील तर तेवढे पैसे हिशेबात धरा.

आता संग्रहालय. ते किल्ल्याच्या आवारातच आहे, राणी चन्नम्मांच्या नावाचं, सरकारी पुरातत्त्व खात्याचं. तिकीट किरकोळ. इमारत फार मोठी नाही, घाईनं बघणारा अर्ध्या तासात बाहेर पडेल. पण घाई करू नका. तलवारी, चिलखतं, कोरीव लाकडी दारं, जुन्या मूर्ती, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड), शिलालेख असं एकेक बघण्याजोगं आहे.

माझे पाय अडले ते चिलखतापाशी. तलवारी मुलांनी बघितल्या, मी मात्र शिवणाऱ्या बाईच्या नजरेनं ते लोखंडी अंगरखं न्याहाळत राहिले. लोखंडाची बारीक कडी, ती आजूबाजूच्या चार कड्यांत अडकवलेली, त्या चार आणखी पुढच्यांत. मापाला कात्री नाही, की जोडाला दोरा नाही. आपण बाही वेगळी कापतो, मुंढ्याला जोडतो. इथं कड्या वाढवत नि घटवत खांद्यावरून बाही उतरवायची. मुंढा जरा आवळ झाला तर तलवार उचलायला हात वर जायचा नाही, आणि सैल ठेवला तर काखेतून वार आत जायचा. काच नसती तर मी उलटं करून आतली बाजू बघितली असती. मुलगा विचारत होता, "आई, एवढं जड अंगावर घालून पळायचे कसे?" हे फाउंड्रीतले, त्यांनी त्याला वजन कमरेवर कसं पेलतात ते पट्टा बांधायची खूण करून समजावलं. शाळेत कुणी हे सांगत नाही.

पाट्या कन्नड आणि इंग्रजीत. सासूबाईंना दोन्ही वाचता येत नाहीत. मुलीला शाळेत कन्नड आहेच, ती एकेक पाटी वाचून आज्जीला मराठीत सांगत पुढं गेली. त्यांना ते इतकं आवडलं की एका वीरगळापाशी त्यांनीच तिला थांबवलं. "ह्यो खालचा लढतूय, मधी अप्सरा न्हेतात त्याला, आणि वर शंकराच्या पिंडीपुढं बसलाय. आमच्या गावात देवळामागं असाच दगड हाय की गं, आम्ही त्याला नुसतं तेल घालूलालाव." वीरगळ खालून वर वाचायचा असतो, ते आम्हाला सासूबाईंनी दाखवलं. पाटी मुलीनं वाचली आणि दगड आज्जीनं.

चन्नम्मा आपल्याच काकतीच्या लेक, महामार्गावरून जाताना रोज ते गाव लागतं. कित्तूरचे राजे मल्लसर्ज यांच्या घरात दिल्या. गादीचा वारस वारला, मुलगा दत्तक घेतला, इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीनं दत्तक मानला नाही. 23 ऑक्टोबर 1824 ला धारवाडचा कलेक्टर थॅकरे तोफा घेऊन किल्ल्यासमोर आला आणि तिथंच मारला गेला. त्याच डिसेंबरात कंपनीनं मोठी फौज आणून किल्ला घेतला. राणींना बैलहोंगलला कैदेत ठेवलं, 1829 मध्ये त्या तिथंच वारल्या. राणींच्या फौजेतला संगोळ्ळी रायण्णा पुढंही लढत राहिला, त्याला नंदगडला 1831 च्या 26 जानेवारीला फाशी दिली. आमच्या खानापूरकडच्या माणसांना नंदगडचा रायण्णाच्या आठवणीचा तो वड दाखवायची गरज नाही, पण मुलांना हे सगळं एका ओळीत कळलं ते इथं. झाशीच्या राणीच्या 33 वर्षं आधीची ही लढाई. मुलीनं हिशेब घातला आणि म्हणाली, "मग आधी हिचं नाव यायला पाहिजे की." मलाही तसंच वाटतं. बेळगावात राहून पोरांनी कित्तूर बघितलेलं नसणं मला खटकतं, भाषा घरात कुठलीही असो.

पावसानं उघडीप दिली की वाड्याच्या अवशेषांत जा. छप्पर गेलंय, जाड काळ्या दगडी भिंती उभ्या आहेत. तिथं भिंतीत एक गोल भोक आहे, त्यातून ध्रुवतारा दिसावा म्हणून ठेवलेलं. आम्ही गेलो तेव्हा भरदुपार आणि आभाळ गच्च, त्यामुळं दिसला तो ढगच. तरी मुलगा डोळा लावून हलेना. खरी मजा पुढं आली. ध्रुव क्षितिजापासून किती वर दिसतो, तर आपण विषुववृत्तापासून जितके अंश उत्तरेला, तितकाच. कित्तूर साधारण साडेपंधरा अंशांवर, म्हणजे ध्रुवही जेमतेम साडेपंधरा अंश वर. एवढा खाली असलेला तारा झाडं, घरं, धूळ यांच्यात सहज हरवतो. त्याला नेमकं धरायचं तर भिंतीला ठरावीक तिरकं भोकच पाडायला हवं. मुलीनं घरी येऊन भूगोलाच्या वहीत कंपासनं तो कोन काढून बघितला. जाताना मुलांच्या दप्तरातला कोनमापक बरोबर घ्या, तिथंच काढता येईल.

खाण्याचं: डबा घरून न्या. आम्ही चपाती, सुकी बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि दही नेलं. येताना महामार्गावरच्या एका हॉटेलात चहाला थांबलो तर पाटीवरचा दर वेगळा आणि बिलातला वेगळा, त्यापेक्षा स्टँडाजवळच्या गाड्यावरचा चहा-मिरची भजी बरी, गरम तरी मिळते. सोमवारी जाऊ नका, सरकारी संग्रहालयं बहुतेक त्या दिवशी बंद असतात. आणि ऑक्टोबरातल्या उत्सवात गर्दी फार, वयस्कर माणसांना घेऊन तेव्हा नको.

धारवाडचं प्रादेशिक विज्ञान केंद्र कर्नाटक विद्यापीठाच्या आवारात आहे, 2012 पासून. आपल्यापासून 75-80 किलोमीटर, स्टँडावरून रिक्षा करावी लागते, म्हणजे कित्तूरपेक्षा खर्च थोडा जास्त. थ्री-डी शोचं तिकीट वेगळं. पण चौथीच्या पोराला विचाराल तर तो हेच सांगेल, कारण इथं सगळ्याला हात लावता येतो. बटण दाबा, चाक फिरवा, आरशात स्वतःला लांबडं-बुटकं बघा. हवेच्या झोतावर तरंगणाऱ्या चेंडूपुढून त्याला ओढून न्यावं लागलं. यांनाही तिथंच करमलं, भट्टीच्या ब्लोअरची हवा चेंडूला कशी धरून ठेवते ते सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता. सासूबाई मात्र लवकर कंटाळल्या, त्यांच्यासाठी ही जागा नव्हे. कुटुंबात वयस्कर कुणी असेल तर कित्तूर, नुसती शाळकरी पोरं असतील तर धारवाड. दोन्ही एकाच दिवशी उरकायचा मोह होतो, कारण कित्तूर वाटेतच आहे. करू नका. दुपारनंतर पोरं पेंगतात आणि दुसरी जागा वाया जाते.

आणि अगदीच पैसे नसतील तर आपला किल्ला आहेच, बसस्थानकासमोर. पर्यटक येऊन बघून जातात आणि आपण रोज बाहेरून जातो. कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, 1204 ची, आत नेमिनाथांची मूर्ती, आणि सभामंडपाचं छत मान वर करून बघा, दगडात कमळ उमललंय. बाजूलाच रामकृष्ण आश्रमात ते घर आहे जिथं 1892 च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद राहिले, हरिपद मित्र नावाच्या वनाधिकाऱ्याकडं. त्याआधी ते शहरात भाटे वकिलांकडे होते, रिसालदार गल्लीत. शांत जागा आहेत, पोरांना आधी तसं सांगून न्या. पाऊस आलाच तर बस्तीच्या मंडपात थांबता येतं.

कित्तूरला गाडी करून जाणाऱ्यांनी देगावही करावं, जवळच आहे. कदंब राजघराण्यातल्या कमलादेवी राणीनं बाराव्या शतकात बांधलेलं कमलनारायणाचं देऊळ, छप्पर शाबूत आणि माणसांची वर्दळ नाही. बसनं गेलेल्यांनी कित्तूर स्टँडावरच रिक्षावाल्याशी जाऊन-येऊनचा दर ठरवून घ्यावा आणि शेवटच्या गाडीची वेळ आधी विचारून ठेवावी.